यंत्रात हात घातला की खांदा सुटतो का?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आठेक दिवस आधी पारोळ्याकडची एक मावशी मुलाला घेऊन माझ्याकडे आली. मी अमळनेरला फिजिओथेरपी करते. मावशी पन्नाशी ओलांडलेली, साखरेच्या गोळ्या सात-आठ वर्षांपासून चालू. खुर्चीत बसल्यावर तिनं उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर ठेवला, झोपलेलं लेकरू ठेवावं तसा. म्हणाली, "खांदा दुखस मॅडम, हात वर जात नही." दुखणं दिवाळीपासूनचं. वेणी घालता येत नाही, ब्लाउजच्या बाहीत हात घालताना डोळ्यांत पाणी येतं, रात्री त्या कुशीवर वळलं की जाग येते. एवढं सगळं तिनं काढलं होतं. पण आता लेकी माहेरी येणार आणि खापरावर मांडा टाकता येणार नाही, हे तिच्या जिवाला लागलं होतं.

ज्यांनी मांडा होताना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, फिरवत फिरवत मोठा करायचा आणि शेवटी हातांवरूनच पालथ्या तापलेल्या खापरावर अलगद सोडायचा. त्या वेळी दोन्ही हात पुढे उचललेले असतात, कोपरं अंगापासून सुटलेली असतात आणि खांदा बाहेरच्या बाजूला वळलेला असतो. खांदा किती सुटा आहे हे बघायला याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

मुलानं मोबाइल पुढे केला. एका बाईचा हात खांद्यापासून मनगटापर्यंत यंत्राच्या बाहीत बांधलेला. समोर पडदा, पडद्यावर वरून फळं पडताहेत आणि ती बाई हात हलवून टोपलीत झेलतेय. "मॅडम, सुरतला असं मशिन आहे म्हणतात. ताप्ती लाइननं सकाळी निघालो की दुपारपर्यंत पोचतो. आईला नेऊ का?"

त्याला त्या दिवशी थोडक्यात सांगितलं. पण हाच प्रश्न आता महिन्यातून दोन-तीनदा येतो, म्हणून इथे नीट सांगते.

आधी खांदा

खांद्याचा सांधा म्हणजे बशीत ठेवलेलं मोठं लिंबू. दंडाच्या हाडाचं वरचं टोक गोल, आणि ते ज्या खळगीत बसतं ती अगदी उथळ. एका वेळी त्या गोळ्याचा पाव-एक भागच खळगीला टेकलेला असतो. मांडीचं हाड खुब्यात असं खोल रुतून बसतं की सहसा निसटत नाही. खांदा मात्र निसटू शकतो. ही त्याची कमजोरी आहे आणि हीच त्याची ताकद. खळगी उथळ आहे म्हणूनच हात पुढे, मागे, वर, पाठीमागे सगळीकडे फिरतो. लिंबू बशीतून घरंगळू नये म्हणून त्याच्याभोवती चार लहान स्नायू ताणून बसवलेले असतात, मांडवाचा खांब चारी बाजूंनी दोर ताणून उभा करावा तसे. या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. सगळ्याला बाहेरून एक पातळ पिशवी असते, तिला सांध्याचं आवरण म्हणू.

आता एक गोष्ट करून बघा. घरातल्या कुणाला तरी पाठमोरं उभं करा, त्याच्या फऱ्यावर, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडावर, आपला तळवा ठेवा आणि त्याला हात सावकाश वर न्यायला सांगा. सुरुवातीला फरा शांत असतो. मग हळूहळू तळव्याखाली तो बाहेरच्या अंगाला सरकत, वळत जातो. हात कानाला टेकेपर्यंत जे साधारण 180 अंश होतात, त्यांतले 120 च्या आसपास मूळ सांध्यातून येतात आणि उरलेले 60 या फऱ्याच्या सरकण्यातून. 1944 साली इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून मांडलं. आज आकड्यांत थोडा फरक सांगतात, पण दोघांनी मिळून हात उचलायचा ही रीत तीच.

यंत्र बनवणाऱ्यांची सगळी डोकेदुखी इथून सुरू होते. बैलगाडीच्या चाकाला एकच आस असतो आणि तो जागचा हलत नाही. कोपराचंही बरचसं तसंच. खांद्याचा आस मात्र हात वर जाता जाता स्वतःच सरकत जातो. यंत्राचा सांधा एका जागी पक्का आणि माणसाचा सांधा सरकता, असं झालं की दर वेळी हात उचलताना यंत्र लिंबाला बशीच्या काठावर रेटत राहतं. चांगल्या यंत्रात म्हणूनच खांद्याचा भागही वरखाली सरकू शकेल अशी सोय करावी लागते, आणि रुग्णाला बसवताना फिजिओला दंडाची लांबी, खांद्याची उंची असं सगळं जुळवत बराच वेळ घालवावा लागतो. ते जुळवणं घाईत उरकलं तर पुढचा तास वाया जातो, आणि कधी दुखणंही वाढतं.

हात वर जात नाही, पण कशामुळे?

"हात वर जात नाही" हे एकच वाक्य घेऊन तीन वेगळी माणसं माझ्याकडे येतात. तिघांना एकाच यंत्रात बसवणं म्हणजे ताप आला म्हणून सगळ्यांना एकच गोळी देणं.

पहिली ही मावशी. तिचा हात तिला स्वतःला उचलता येत नाही, आणि मी उचलायला गेले तरी एका जागी येऊन अडतो. दार आतून कडी लावल्यासारखं. कोपर कमरेला चिकटवून पंजा बाहेर वळवायला सांगितलं तर तो जेमतेम हलतो. हा फ्रोझन शोल्डर, आपल्याकडे खांदा धरला किंवा आखडला म्हणतात तो. आवरणाची पिशवी सुजते, जाड होते आणि आकसते. हे नाव अमेरिकेतल्या कॉडमन नावाच्या सर्जननं 1934 साली दिलं. चाळिशी ते साठीत जास्त, बायकांत जास्त, आणि साखर असलेल्यांत तर फारच जास्त. आधी दुखत दुखत आखडतो, मग दुखणं कमी होतं पण आखडलेपण तसंच राहतं, मग हळूहळू सुटतो. सगळं मिळून वर्ष ते तीन वर्षं.

दुसरा चोपड्याकडचा केळी वाहणारा मजूर. केळीचा एक घड वीस-पंचवीस किलोचा सहज असतो, कधी त्याहून जास्त. ओल्या सरीतून तो खांद्यावर घेऊन बांधावरच्या गाडीपर्यंत न्यायचा, दिवसभर. त्याचा हात मी उचलला तर पूर्ण वर जातो. सोडला आणि "आता तुम्ही धरा" म्हटलं की खाली पडतो. इथे दार उघडं आहे, ओढणारा दोर तुटलाय. रोटेटर कफ फाटला की असं होतं. काहींना ऑपरेशन लागतं, पुष्कळांचं व्यायामावर भागतं.

तिसरे आबा, शिरपूरकडचे, लकवा मारलेले. त्यांचं दारही ठीक आणि दोरही ठीक. मेंदूतला जो भाग हुकूम सोडतो तिथला रक्तपुरवठा बंद पडला होता. हुकूमच पोचत नाही, म्हणून स्नायू लुळे पडतात आणि लिंबू बशीतून खाली लोंबायला लागतं. खांद्यावर बोट ठेवलं तर हाडाच्या खाली चक्क एक खाच लागते.

हात चालवणाऱ्या रोबोंचा मोठा इतिहास जवळजवळ सगळा या तिसऱ्या माणसासाठी घडलेला आहे. व्हिडिओत हे कुणी सांगत नाही.

हात धरून गिरवणं

यंत्रानं सांधा हलवायचा हा विचार तसा जुना. टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी 1970 च्या सुमारास मांडलं की दुखावलेला सांधा प्लास्टरात गप्प ठेवण्यापेक्षा हळूहळू सतत हलवला तर कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, चांगली भरते. त्यातून सीपीएम नावाची यंत्रं आली. गुडघा बदलल्यावर पायाखाली जे मागेपुढे सरकणारं यंत्र लावत असत, ते हेच. खांद्यासाठीही तशी खुर्ची मिळते. पण सीपीएमला तुमची काही खबर नसते. किती अंश ते सांगून ठेवायचं, ते तेवढं नेतं आणि परत आणतं. तुम्ही झोपलात तरी त्याचं काम चालू राहतं.

रोबो त्यापुढचा. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत नेव्हिल होगन आणि एर्मानो इगो क्रेब्स यांनी 1989 च्या सुमारास एमआयटी-मानुस नावाचं यंत्र करायला घेतलं. रुग्ण टेबलाशी बसतो, मनगट-पंजा यंत्राच्या टोकाला बांधलेला. पडद्यावर मधे एक ठिपका आणि भोवती गोलात आठ ठिपके. मधून बाहेर जायचं, परत मधे यायचं. दिसायला एवढंच.

यातली खरी हुशारी कळायला कारखान्यातला रोबो आठवा. त्याला जिथे जायचं सांगितलं तिथे तो जातो, मधे काय आलं याची त्याला पर्वा नसते. असल्या यंत्राला माणसाचा हात बांधणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. होगन यांनी 1985 मध्ये मांडलेली कल्पना अशी की यंत्रानं जागेचा हट्ट धरू नये, स्प्रिंगसारखं वागावं. तुम्ही वाटेवर असाल तर ते जवळजवळ नसल्यासारखं. वाट सोडलीत तर हलकेच आत ओढतं, जास्त सोडलीत तर जरा जास्त ओढतं. आणि तुम्ही जोर केलात तर वाकून वाट देतं.

आपण लहानपणी पाटीवर गिरवायला शिकलो ते आठवा. बाई मागून हात धरायच्या. पहिल्या दिवशी घट्ट, मग सैल, मग नुसतं बोट टेकवलेलं, मग हात काढूनच घेतला. चांगली बाई कोणती, जिला हात कधी सोडायचा ते कळतं ती. पुनर्वसनाचा रोबो म्हणजे हा धरलेला हात. मोटारी, कोन मोजणारे आणि जोर मोजणारे सेन्सर हे सगळं त्या एका गोष्टीसाठी आहे: हा माणूस स्वतः किती करतोय ते ओळखायचं आणि उरलेलं तेवढंच द्यायचं.

बाईनं हात कधी सोडलाच नाही तर काय होतं तेही शास्त्रज्ञांनी बघितलं आहे. यंत्र मदत करतंय असं कळलं की आपलं शरीर नकळत आपला जोर कमी करतं. इच्छा असते, मन लावून बसलेलं असतं, तरीही. पडद्यावर टोपली फळांनी भरते आणि स्नायू आराम करत असतात. नातेवाइकांना वाटतं, वा, काय हात चालतोय! चालवतंय यंत्र. म्हणून चांगल्या यंत्रात मदत आपोआप घटत जाण्याची व्यवस्था असते, आणि म्हणूनच यंत्राशेजारी फिजिओ उभी असावी लागते. कुठेही गेलात तर पडद्यावरच्या गुणांकडे बघू नका. "याच्यातलं किती माझं आणि किती यंत्राचं?" एवढंच विचारा. ज्या ठिकाणी याचं उत्तर मिळत नाही तिथे पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

टोकाला धरणारी आणि बाहीसारखी

एमआयटी-मानुससारखी यंत्रं फक्त हाताचं टोक धरतात. टोक पुढे गेलं की कोपर आणि खांदा आपापल्या परीनं मागोमाग येतात. बसवायला सोपी, पण खांदा त्यात काय करतोय यावर नीट ताबा नसतो. रुग्ण धड पुढे झुकवून टोक ठिपक्याला पोचवतो आणि खांदा जिथल्या तिथेच राहतो, हे अगदी सर्रास होतं.

दुसरी जात बाहीसारखी, मुलानं दाखवलेल्या व्हिडिओतली. स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिकच्या ईटीएच या संस्थेत रॉबर्ट रीनर आणि टोबियास नेफ यांच्या गटानं आर्मिन नावाचं असं यंत्र विकसित केलं, पुढे ते आर्मिओ पॉवर नावानं बाजारात आलं. दंडाला एक पट्टा, मनगटाजवळच्या भागाला एक, आणि प्रत्येक सांध्याला यंत्राचा आपला सांधा. यात खांद्याला वेगळं, कोपराला वेगळं काम देता येतं. सरकत्या आसाचा त्रासही यातच सगळ्यात जास्त.

याच कुटुंबात बिनमोटारीचं एक भावंड आहे, आर्मिओ स्प्रिंग, आणि मला ते मनापासून आवडतं. त्यात फक्त स्प्रिंगा आहेत, त्या हाताचं वजन तोलतात. आपला एक हात अंगाच्या वजनाच्या साधारण 5 टक्के असतो. साठ किलोच्या माणसाचा तीन किलो. धडधाकट माणसाला हे वजन कधी जाणवत नाही, लकव्याच्या माणसाला ते डोंगराएवढं असतं. आणखी एक गोष्ट होते. आबा हात उचलायला गेले की कोपर आपोआप वाकतं आणि पंजा छातीशी येतो. मेंदूचा बारीक हुकूम तुटला की सगळे स्नायू एकदम ओढायला लागतात, आणि खांद्यावर जितका भार जास्त तितकं हे वाकणं जास्त. वजन कुणी तोललं तर तोच माणूस तोच हात बराच लांबपर्यंत सरळ नेऊ शकतो. पहिल्यांदा असं होतं तेव्हा माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो. जो हात मेला असं धरून चालला होता तो पुढे जातोय.

हे टेबलावरही करता येतं. गुळगुळीत टेबल, त्यावर थोडी टाल्कम पावडर, हाताखाली घडी घातलेला टॉवेल. टेबल वजन घेतं, हात सरकतो. रोबो नाही, पण रोबोच्या कामाचा एक मोठा हिस्सा यात आहे.

आकडे काय म्हणतात

अमेरिकेत 2009 मध्ये एका गटानं लकव्याच्या रुग्णांची नेहमीची सत्रं शेजारी बसून मोजली. एका सत्रात हातानं काही काम करण्याच्या हालचाली सरासरी 32 निघाल्या. फक्त बत्तीस. मेंदूत नवी वाट पडायला शेकडो लागतात असं प्राण्यांवरचे प्रयोग सांगतात. रोबो एका तासात कित्येक शे, कधी हजारापर्यंत हालचाली करवून घेऊ शकतो, न थकता, न कंटाळता. रोबोचं सगळ्यात मोठं देणं हेच.

मग निकाल? 2010 मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत 127 रुग्णांवर अभ्यास झाला, लकवा होऊन सहा महिन्यांहून जास्त झालेले. बारा आठवड्यांनी रोबो आणि नेहमीचे उपचार यांत ठळक फरक दिसला नाही. छत्तीस आठवड्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा रोबोचे रुग्ण थोडे पुढे होते, पण माणसांनीच तितक्याच हालचाली करवून घेतलेल्या गटापेक्षा पुढे नव्हते. 2019 मध्ये ब्रिटनमध्ये याहून मोठा, 770 जणांचा अभ्यास छापून आला. हाताची कामं ठरवलेल्या मापाइतकी सुधारली ती रोबोच्या गटात 44 टक्के जणांची, फिजिओनं रोजच्या कामांचा भरपूर सराव घेतलेल्या गटात 50 टक्के, आणि नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत 42 टक्के. कॉक्रेनचे आढावे अनेक अभ्यास एकत्र करून तपासतात; 2018 च्या अशा आढाव्यात 45 अभ्यासांतले 1619 रुग्ण होते. तिथे यंत्राच्या मदतीनं हाताची ताकद आणि रोजची कामं सुधारतात असं दिसलं, पण सुधारणा लहान.

ब्रिटनच्या अभ्यासातली एक बारीक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हालचाल किती सुटी झाली हे मोजलं तेव्हा रोबोचा गट नेहमीच्या उपचारांपेक्षा पुढे होता. ग्लास उचलून तोंडाशी नेता येतो का, हे मोजलं तेव्हा तो फायदा दिसेनासा झाला. अंश वाढले, काम वाढलं नाही. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत जाण्याचा सराव केला तर माणूस ठिपक्यापर्यंत जाण्यात तरबेज होतो. भाकरी थापायची असेल तर कधीतरी पिठात हात घालावाच लागतो. म्हणून यंत्र वापरायचं तर त्याच दिवशी, त्याच सत्रात, सुटलेली हालचाल खऱ्या कामाला जुंपली पाहिजे. रोबो वाईट आहे असा या आकड्यांचा अर्थ मी काढत नाही. एका फिजिओला दिवसाला वीस रुग्ण बघायचे असतील तर शेकडो हालचाली मोजून घेणारा सोबती मिळणं मोठीच गोष्ट आहे. पण घरदार विकून गाठावं असं त्यात काही नाही.

मग मावशीनं काय करायचं?

हे सगळे अभ्यास लकव्याचे. आखडलेल्या खांद्यासाठी आणि रोटेटर कफच्या ऑपरेशननंतर रोबो वापरून पाहिलेत, पण ते अभ्यास लहान आहेत. आणि मुळात अडचण वेगळी. मावशीच्या मेंदूला हात कसा उचलायचा ते पक्कं माहीत आहे, तिला गिरवायची गरजच नाही. तिची पिशवी आकसली आहे. मोटारीनं जोर लावून ती ताणायला गेलं तर दुखऱ्या काळात सूज भडकते. जोर करून खांदा "मोकळा करून देणाऱ्या" हातांबद्दलही माझं हेच म्हणणं आहे, मग ते हात कुणाचेही असोत.

तिला आधी साखर ताब्यात आणायला सांगितली. धुळ्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. त्यानं दुखणं उतरतं आणि व्यायाम करता येतो, मात्र साखर काही दिवस वर जाते, म्हणून साखरेच्या डॉक्टरांना आधी कळवायचं. मग व्यायाम: टेबलाचा आधार घेऊन, पुढे वाकून हात लोंबता सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा, ही पद्धत कॉडमनचीच. उताणं झोपून दोन्ही हातांत काठी धरायची आणि चांगल्या हातानं दुखऱ्याला हळूच बाहेर वळवायचं. भिंतीवर बोटांनी चढायचं आणि कुठवर पोचलो तिथे खडूनं रेघ मारायची. ब्रिटनमध्येच 2020 मध्ये 503 जणांवर छापून आलेल्या अभ्यासात भूल देऊन खांदा सोडवणं, दुर्बिणीनं पिशवी कापून सोडवणं आणि इंजेक्शनसह पद्धतशीर फिजिओथेरपी यांची तुलना केली होती. तिघांपैकी कुणीही स्पष्टपणे वरचढ ठरलं नाही. मावशीच्या मुलाला मी हेच सांगितलं. सुरतच्या रोज फेऱ्या करण्यापेक्षा घरी दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं काठी धरली तर फायदा तेवढाच होईल, आणि आईचे हाल वाचतील.

चोपड्याच्या भाऊंचं वेगळं. कफ शिवला असेल तर चार ते सहा आठवडे हात झोळीत, मग दुसऱ्यानं हलवायचा, मग आधारानं, मग स्वतः, आणि जोराचे व्यायाम साधारण तीन महिन्यांनंतर. तिथे यंत्राचा उपयोग ठरलेल्या अंशापुढे हात न नेण्यासाठी होऊ शकतो. पण मजुराला सगळ्यात अवघड जातं ते सहा आठवडे घड न उचलणं. त्याचं उत्तर कुठल्याच यंत्रात नाही, ते कुटुंबानं आणि बाग मालकानं मिळून द्यावं लागतं.

आबांच्या बाबतीत मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण तिथे घरचे लोक प्रेमानं नुकसान करतात. लकव्याच्या माणसाला उठवताना काखेत हात घालून किंवा लुळा हात धरून ओढू नका. लिंबू आधीच बशीतून लोंबतंय. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका घरी गेले तर ओसरीच्या तुळईला कप्पी टांगलेली, दोरी ओढून चांगल्या हातानं लुळा हात रोज शंभर वेळा वर नेत होते. कुणीतरी सांगितलं होतं आणि त्यांनी ते निष्ठेनं केलं होतं. खांदा इतका दुखावला होता की बाही वर करू देत नव्हते. फरा सरकत नाही आणि दंड एकटाच वर जातो, मग मधले स्नायू हाडांत चेंगरतात. आखडलेल्या खांद्याला जी कप्पी चालते तीच लकव्याच्या खांद्याला घातक. उशीचा आधार, बसताना हात मांडीवर किंवा टेबलावर, आणि उठवताना कमरेला धरणं, एवढं घरोघर पाळलं तर माझ्याकडचे निम्मे दुखरे खांदे कमी होतील असं मला वाटतं.

आबांना मात्र मी यंत्राला नाही म्हटलं नाही. लकवा होऊन दोन महिनेच झाले होते, हातात थोडी हालचाल परतत होती, आणि मुलगा ज्या शहरात नोकरीला आहे तिथे सोय होती. जाण्याआधी मुलाला सांगितलं: पहिल्या दिवशी हातानं काय येतं ते लिहून घ्यायला लाव, आणि शेवटच्या दिवशी तेच परत. यंत्र सोडल्यावर घरी काय करायचं ते आधीच विचार. वेल्लोरचं सीएमसी रुग्णालय आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून प्लुटो नावाचं लहान, हलवता येणारं यंत्र केलं आहे, ते मनगट-बोटांसाठी आहे, खांद्यासाठी नाही. पण असली यंत्रं जितकी लहान होत जातील तितकी ती शिरपूर-शहाद्याच्या जवळ येतील, ही मला मोठी आशा वाटते.

आबा तिथे महिनाभर राहून आले. कोपर आता कमी वाकतं. यंत्र मोजायचं ते आता नातू मोजतो. टेबलावर दोन वाट्या, एकीत तीनशे हरभरे. आबांनी टॉवेलवरून हात पुढे नेऊन वाटीला टेकवला की नातू एक हरभरा दुसऱ्या वाटीत टाकतो. आबा धड पुढे झुकवून फसवायला गेले की तो टाकत नाही. पहिल्या आठवड्यात ऐंशीवर वाटी थांबायची. परवा फोनवर म्हणाले, दोनशे दहा.

मावशी श्रावणातल्या कानबाईच्या सणाआधी दाखवायला आली. भिंतीवरची खडूची रेघ खांद्याच्या बरीच वर गेली आहे, पंजाही आता बाहेर वळतो, अजून पुरता नाही. वेणी स्वतः घालते. मांड्याचं विचारलं तर म्हणाली, कोपरापर्यंत फिरवून देते, खापरावर लेक टाकते.